मोटारसायकलचा भोवरा

मोटारसायकलकडे कधीही मागून जाऊ नये, असं दामूनानांचं ठाम मत होतं. डाव्या अंगानं जावं, आधी टाकीवर तळवा ठेवावा, तिला आपली ओळख पटू द्यावी आणि मग हात तसाच सरकवत मागं न्यावा. मागं गेल्यावर पहिली नजर नंबरपाटीवर. पाटी दोन बोटांनी हलवून बघायची. हलली नाही तरच किक मारायची. उभी हयात बैला-म्हशींच्या लाथा चुकवत नोकरी केलेल्या माणसाला लोखंडाशीही तसंच वागायची सवय लागली होती, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. हसायचो आम्हीच.

मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या आतल्या बाजूला एका गावात आमचा जनावरांचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, समोर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि एक चिंच. मी शहापूरचा. नव्वदीच्या दशकात तिथं पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझं वय सव्वीस आणि हाताखाली माणूस एकच. दामोदर हरड, हुद्दा व्रणोपचारक. हा शब्द सरकारी कागदाबाहेर कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. लोक त्यांना दामू ड्रेसर म्हणत, मी दामूनाना म्हणू लागलो. ते मला 'डाक्टर' म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. माझी चूक काढायची असली की तो शब्द ते जरा लांबवायचे. "डाऽक्टर, सुई अशी नाय धरत."

त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं असत, एक लिहितं आणि एक न लिहितं. कुणी पेन मागितलं की ते न लिहितं काढून देत. माणूस ते झटकायचा, तळहातावर गिरवून बघायचा आणि वैतागून परत करायचा. लिहितं पेन त्यांच्याकडे सहा वर्षं टिकल्याचं ते अभिमानानं सांगत. "चोराला माराया लागत नाय, डाक्टर. तेला नुसता कटाळा आनायचा." पुढं या एका वाक्याचा त्यांनी केवढा संसार मांडला, ते सांगायलाच मी बसलो आहे.

विमा उतरवलेल्या गाई-म्हशींच्या कानात कंपनीचा नंबर कोरलेला बिल्ला मारायचं काम आमच्याकडे असे. पक्कड नानांच्या हातात. एकदा एक म्हातारी आपली गाय पुढं करीना. "मेल्या, कान फाडशील तिचा," म्हणाली.

"गो आये, तुज्या कानात काय हाय?"

"कुड्या."

"फाटला तुजा कान?"

"माज्या बापानं टोचले ते. तू तिचा बाप हायस?"

"आजच्यापुरता हाय," नाना म्हणाले आणि म्हातारी हसायला लागेपर्यंत पक्कड दाबून मोकळे झाले.

पण बिल्ल्यावर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. गुरांच्या कपाळावर, पाठीवर केस गोल फिरलेले असतात, त्याला भोवरा म्हणतात. बाजारात बैल घेणारा आधी भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतो. नाना त्या भानगडीत पडत नसत. त्यांच्या लेखी भोवरा म्हणजे जनावराची सही. आमच्या नोंदवहीत प्रत्येक गुराच्या नावापुढं ते भोवऱ्यांची चित्रं काढून ठेवत. एकदा एका शेतकऱ्यानं मेलेली गाय दाखवायला नेलं. कानात बिल्ला होता, नंबर बरोबर होता. नाना तिच्या कपाळाशी वाकले आणि म्हणाले, "ही ती नाय."

"अवो नाना, बिल्ला बगा ना."

"बिल्ला गायीचा असतो, गाय बिल्ल्याची नसते. तुजी गाय एका भोवऱ्याची. हिला दोन हायत."

तो बिचारा खाली मान घालून घरी गेला आणि गोठ्यातून खरी गाय सोडून घेऊन आला. नानांनी त्याची तक्रार केली नाही. नियमाप्रमाणं बिल्ला हरवला असं धरून तिच्या कानात नवीन नंबराचा बिल्ला मारला, ठरलेला अर्ज भरला आणि कंपनीला कळवलं. हरवलेल्या बिल्ल्याचा नंबर पुन्हा त्या जनावराला द्यायचा नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. हा नियम वाचकांनीही लक्षात ठेवावा, कारण त्यानंच पुढं आमचा घात केला.

एक-दोन वर्षांनी मोटारसायकलींच्या नंबरपाट्या जायला लागल्या. आधी वाशिंदला स्टेशनाबाहेर लावलेल्या गाड्यांच्या, मग मुरबाडच्या बाजारातल्या. गाडी जागेवर, पेट्रोल टाकीत, पाटी तेवढी गायब. भंगारात विकत असतील, असं आम्ही सगळे म्हणालो. नानांनी मान हलवली. "भंगारात पाटीचं काय येतय? एक वडापाव नाय येत. ही चोरी पत्र्याची नाय, आकड्याची हाय. कुनाचा तरी बिल्ला कुनाच्या तरी कानात जातोय." पोलिसांनी हे आम्हाला सांगायच्या कितीतरी आधी दामूनानांना ते कळलं होतं, आणि तेही गुरांच्या कानावरून.

मग त्यांनी आपली विद्या कामाला लावली. स्वतःच्या जुन्या राजदूतची पाटी पक्की बसवून बोल्टाचं बाहेर आलेलं टोक हातोडीनं चेपून टाकलं, म्हणजे नट उलटा फिरायलाच नको. नंबर सीटखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत आणि मडगार्डच्या पोटात खिळ्यानं कोरला. गाडी उभी करायची ती पाठ भिंतीला लावून. हँडलच्या खाली, गाडीच्या मानेवर, कंपनीनं ठोकलेला चासीचा नंबर असतो. तो त्यांनी नोंदवहीत उतरवला आणि वर शीर्षक घातलं, 'भोवरा'.

बातमी पसरली. सरळगावच्या बाजाराच्या दिवशी लोक गाड्या घेऊन येऊ लागले. नाना गाडी खोड्यात उभी करून दोन्ही बाजूंनी दांडे अडकवत, मग हातोडी घेत. पैसे ते घेत नसत, पण नानांचं बोलणं ऐकून घ्यावं लागे. एका म्हशीला त्या पायी तासभर रांगेत थांबावं लागल्याचं मला आठवतं. भातसानगरच्या धरणावरचे एक इंजिनीअर असेच गाडी चेपून घेऊन गेले आणि दोन महिन्यांनी लालबुंद होऊन आले. पाटी वाकली म्हणून बदलायला गेले तर तीन मेकॅनिक हरले, शेवटी मडगार्ड कापावं लागलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, किती टाइम लागला?"

"अडीच तास."

"चोरालाबी तेवढाच लागला असता."

साहेब गाडीला किक मारून गेले. पुढच्या आठवड्यात धरणावरच्या सहा गाड्या आमच्या दारात उभ्या होत्या.

त्या सहांबरोबर जानू मेंगाळलाही साहेबांनी यायला सांगितलं होतं. तो आला नाही. जानू किन्हवलीच्या पलीकडल्या ठाकूरवाडीतला, तिशीचा, अंगानं काटक आणि बोलायला कमी. आठ वर्षं तो धरणावर रोजंदारीवर होता. धरणावरच्याच एकाची जुनी गाडी त्यानं घेतली होती, आणि त्या वाडीतली ती पहिली मोटारसायकल. त्या हिवाळ्यात कायम करायच्या यादीत त्याचं नाव लागलं. चालचलणुकीचा पोलिसांचा दाखला आला की हुकूम निघणार, एवढंच राहिलं होतं. वाडीतल्या कुणालाही आजवर कायमची नोकरी नव्हती. रस्त्यात भेटला की नाना त्याला बजावत, "जानू, बोल्ट चेपून घे रे," आणि तो म्हणे, "येतो नाना, येत्या बाजारी."

म्हसा गावच्या जत्रेत आमच्या खात्याचा तंबू असे. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी जानू घामाघूम होऊन तंबूत आला. "नाना, पाटी नाय."

"कुठं लावलीवती गाडी?"

"बैलगाड्यांच्या वळीत."

"त्वांड कुठं व्हतं?"

"झाडाकडं."

"म्हंजे ढुंगान मोकळं," नाना म्हणाले. मग त्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "घाबरू नको रे. बिल्ला गेला तर काय करायचं ते आमाला शिकवलंय सरकारनं."

आणि त्यांनी तेच केलं, जे ते आयुष्यभर गुरांचं करत आले होते. जुना नंबर गेला तो गेला. तोच परत घातला आणि चोरानं दुसऱ्या गाडीला लावलेला असला, तर एका नंबराची दोन जनावरं होतील आणि खरं कुठलं ते कळणार नाही. म्हणून नवा नंबर. कोणता? आमच्या खोक्यातल्या पुढच्या बिल्ल्याचा. तो पाच आकडी निघाला, गाडीला चारच लागतात, म्हणून नानांनी पहिला आकडा सोडून दिला. बाजूच्याच तंबूत बैलांची शिंगं रंगवणारा बसला होता. त्यानं शिंगांच्या रंगातच पत्र्यावर सुरेख आकडे काढून दिले, नानांनी पाटी ठोकली आणि बोल्ट असे चेपले की बघत राहावं. जानूच्या गाडीचा विमा कल्याणच्या ज्या शाखेत होता, तिथंच आमच्या गाई-म्हशींचेही कागद जात. तेव्हा बिल्ला हरवल्याचा ठरलेला अर्जही नानांनी भरला आणि माझ्यापुढं ठेवला. मी सकाळपासून बैल तपासून आंबलो होतो. सही केली. वाचलं नाही. त्या प्रकरणात जेवढी चूक नानांची, तेवढीच माझी, किंबहुना माझी जास्त. नाना चुकले ते शिकलेलं मनापासून पाळल्यामुळं. मी चुकलो ते आळसानं.

सोमवारी नाना कल्याणला गेले आणि बाकीच्या अर्जांबरोबर त्याचीही शिक्का मारलेली पोच घेऊन आले. अर्ज गुरांचा, म्हणून तिथं तो गुरांच्या फायलीत गेला. जानू नवी पाटी मिरवत कामावर जाऊ लागला.

तीन आठवड्यांनी तो सकाळी दवाखान्यात आला तो पायी. आदल्या दिवशी वाडीत पोलीस आले होते. वाशिंदकडे दोघांनी एका बाईच्या गळ्यातली पोत ओढली होती आणि त्यांच्या मोटारसायकलचा नंबर कुणीतरी लिहून घेतला होता. नंबर जानूचा. पोलिसांनी येऊन पाहिलं तर जानूच्या गाडीला भलताच नंबर, जो कुठल्याच नोंदीत नाही. गुन्हा करून पाटी बदलली, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी गाडी नेली आणि त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीवर बोलावलं.

"आन दाखला?" नानांनी विचारलं.

"आता कसला दाखला," जानू म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर नानांना सोपं गेलं असतं.

नाना माझ्याकडे वळले. "डाक्टर, गाडीला नवा नंबर घालत नाय?"

"नाही, नाना. गाडीचा नंबर तिच्या जन्माचा असतो. पाटी गेली तर पोलिसांत कळवायचं आणि तोच नंबर पुन्हा लावायचा."

नाना खोड्याच्या दांड्यावर बसले. "मंग तो बिल्ला नव्हं," ते म्हणाले. "ते नाव हाय. मी मानसाचं नाव बदलून बसलो."

त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला माझीच लाज वाटली. मी फाइल काखेत मारली आणि तिघं चौकीवर गेलो. नानांनी आत शिरताच खुर्चीची वाट न बघता सांगितलं, "साहेब, चूक माजी हाय. जानूनं मी सांगितलं तेवढंच केलं. मी चोराला आडवायला गेलो आन ह्या जानूलाच चोर केला."

फौजदार धडधाकट, घाटावरचे. त्यांनी सगळं ऐकलं, आमच्या फायलीतली अर्जाची प्रत घेतली आणि मोठ्यानं वाचू लागले. "जनावराची जात, मोटारसायकल. रंग, काळा. वय, सहा वर्षे. शिंगे," इथं ते थांबले, "दोन, सरळ, चकचकीत. शेपूट, नाही. दूध, लागू नाही. भोवरा," आणि पुढं चासीचा अख्खा नंबर, "मानेवर, उजव्या अंगास." दाराशी उभा असलेला शिपाई भिंतीकडे तोंड करून हलत होता. फौजदारांनी हसू आवरायचा चांगला प्रयत्न केला. "हरड, दात का लिहिले नाहीत?"

"मोजता आले नाय, साहेब," नाना म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

मग फौजदारांची नजर शिक्क्यावर गेली आणि हसू थांबलं. त्यांनी दुसरी वही काढली, तारखा ताडून पाहिल्या. पोत ओढली गेली त्याच्या नऊ दिवस आधी, जानूची पाटी हरवली असं त्या अर्जात लिहिलेलं होतं. जुना नंबर, नवा नंबर, चासी, सगळं. कल्याणच्या कचेरीचा शिक्का त्यावर होता. गुन्हा लपवायला पाटी बदलणारा माणूस आधीच लेखी कळवून ठेवत नाही. त्यांनी बाहेर जाऊन गाडीच्या मानेवरचा नंबर स्वतः वाचला, तो जुळला. आत येऊन त्यांनी आम्हा तिघांना जे झापलं, ते सगळं इथं लिहीत नाही. "पाटी गेली की आधी इथं यायचं. विम्याकडं मागाहून. आणि जत्रेतल्या रंगाऱ्याकडं तर कधीच नाही. कळलं?" पाटीच्या चोरीची तक्रार त्यांनी लिहून घेतली आणि शिपायाला ती खोटी पाटी काढायला सांगितलं. शिपायानं अर्धा तास खटपट केली. शेवटी नानांनीच छन्नी-हातोडा मागून घेतला, तेव्हा कुठं ती निघाली.

"दाखल्याचं काय, साहेब?" मी विचारलं.

"मी खरं काय ते लिहीन," फौजदार म्हणाले. "पुढं वरचे ठरवतील."

पुढचे दोन महिने वरचे ठरवत होते. नानांकडे बाजाराच्या दिवशी गाड्या येतच होत्या, पण आता हातोडी उचलायच्या आधी ते प्रत्येकाकडून वदवून घेत, "पाटी गेली तर कुठं जानार? आदी चौकी." त्यात शिकवल्याचा आनंद नसायचा. जेवणाचा डबा अर्धा परत जायचा. जानूचं नाव मात्र ते काढत नसत, आणि त्यांनी काढलं नाही म्हणून मीही काढत नसे.

हुकूम आला तो उन्हाळ्यात. जानूला सोमवारी भातसानगरला रुजू व्हायचं होतं. माझीही शहापूरला बदली झाली होती आणि दवाखान्यातला माझा शेवटचा दिवस होऊन गेला होता. तरी मी त्या दिवशी तिथं गेलो. जानू आपल्या गाडीवर, तिला तिचा खरा नंबर परत मिळालेला, आणि त्याच्या मागं नाना, रजा टाकून. जानू आत गेल्यावर आम्ही दोघं फाटकाबाहेर झाडाखाली उभे राहिलो. मी चहा म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. मधेच ते पहारेकऱ्याकडे जाऊन आले. "आत गेल्यावर परत भाएर तर नाय ना काढत कुनाला?" तो म्हणाला, "म्हातारा झाल्यावर काढतात." नाना हसले नाहीत.

साडेबाराला जानू बाहेर आला. "सही झाली, नाना."

नानांनी "बरं" म्हटलं आणि शर्टाच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. घामानं घड्यांवर तो विरला होता. ते तो फाडणार, तेवढ्यात मी मागून घेतला. धरणाच्या मोठ्या साहेबांना लिहिलेलं पत्र होतं, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. 'जानू मेंगाळ याने गाडीचा नंबर माझ्या सांगण्यावरून बदलला. तो मला मानतो म्हणून त्याने ऐकले. शिक्षा करणे असल्यास मला करावी. मी नोकरी सोडण्यास तयार आहे. त्याला आत घ्यावे.' खाली सही आणि तारीख होती. तारीख आम्ही चौकीवर गेलो त्याच दिवसाची. दोन महिने तो कागद ते अंगावर बाळगून होते, आणि त्यांच्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं उरली होती.

"मला दाखवायचं तरी, नाना," मी म्हणालो.

"तुमाला कशाला दावू? तुमी लगेच सही केली असती. तुमी कशावरबी सही करता."

मी हसलो. हसता हसताच माझ्या ध्यानात आलं की अर्जावर सही माझी होती, आणि या पत्रात माझं नाव कुठंही नव्हतं. त्यांनी कागद घेतला, बारीक तुकडे केले, ते खिशात टाकले आणि जानूच्या गाडीकडे गेले. जानू बसल्यावर मागं बसले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून. फाट्यावर मी शहापूरकडे वळलो, ते किन्हवलीच्या रस्त्याला लागले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी वळून पाहिलं तेव्हा नाना पुढं वाकून जानूच्या कानाशी काहीतरी बोलत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं हसत होते.